परदेशात कोर्टाचे कागद हातोहात बजावणं: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावई न्यू जर्सीत, मुलगी माहेरी राजारामपुरीत आणि दावा कसबा बावड्याच्या न्याय संकुलात. नाहीतर कारखाना शिरोलीत, माल गेला जर्मनीला आणि पैसे अडकले तिकडंच. अशा प्रकरणात दावा दाखल होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग पहिलीच तारीख पडते आणि प्रश्न येतो की समोरच्याला समन्स द्यायचं कसं. दिवाणी वकिली करताना पक्षकार मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथं दिली आहेत. तुमच्या प्रकरणाची कागदपत्रं पाहिल्याशिवाय अखेरचा सल्ला देता येत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

माझा मामेभाऊ तिकडंच राहतो. त्याच्यामार्फत समन्स हातात दिलं तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर देशागणिक बदलतं.

अमेरिकेत समन्स हातात देणं हे खासगी माणसाचंच काम मानलं जातं. तिथल्या फेडरल नियमांनुसार 18 वर्षं पूर्ण झालेली आणि दाव्यात पक्षकार नसलेली कोणतीही व्यक्ती कागद बजावू शकते. परदेशी कोर्टाचे कागदही तिथल्या कोर्टाचा वेगळा हुकूम न घेता बजावता येतात, असं त्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे अमेरिकेच्या बाजूनं मामेभावाला आडकाठी नाही. तरी मी त्याचं नाव सुचवत नाही. उद्या समोरचा म्हणेल की हा मुलीकडचा माणूस आहे, यानं खोटं प्रतिज्ञापत्र केलं. मग त्या एका कागदावर उलटतपासणी, मामेभावाची साक्ष आणि आणखी तारखा. त्यापेक्षा धंदेवाईक प्रोसेस सर्व्हर, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणारा खासगी माणूस, नेमावा. त्याचं कोणाशी नातं नसतं आणि रोज हेच काम करत असल्यामुळं प्रतिज्ञापत्रात काय लागतं ते त्याला पाठ असतं.

स्वित्झर्लंडमध्ये हेच काम केलं तर मामेभाऊ गुन्ह्यात अडकेल. स्विस दंड संहितेच्या कलम 271 नुसार परदेशी सत्तेसाठी परवानगीशिवाय सरकारी स्वरूपाचं काम करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याला वाटतं, चार कागद तर द्यायचे. तिकडचा कायदा ते कागद म्हणजे भारतीय न्यायसत्तेचा हुकूम समजतो आणि तो आपल्या भूमीवर दुसऱ्या कोणी बजावू नये म्हणतो. जर्मनी, चीन, जपान यांची भूमिकाही साधारण हीच आहे.

म्हणून पाठवण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: ज्या देशात कागद द्यायचा, त्या देशाला ही पद्धत मान्य आहे का? कोल्हापुरातल्या कोर्टाला चालतं म्हणून म्युनिकमध्ये चालतं असं नाही.

मग ज्या देशांत असं चालत नाही, तिथं काय करायचं?

हेग बजावणी करारातून जायचं. परदेशात कोर्टाचे कागद बजावण्यासाठीचा हा आंतरराष्ट्रीय करार 1965 चा. भारत त्यात 2006 मध्ये सामील झाला आणि 1 ऑगस्ट 2007 पासून तो आपल्याला लागू आहे. करारातल्या प्रत्येक देशानं एक मध्यवर्ती प्राधिकरण नेमलेलं असतं. आपल्याकडं ते काम केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी व्यवहार विभागाकडं आहे. तुमचं समन्स ठरलेल्या नमुन्यातल्या विनंतीसह, दोन प्रतींत त्या देशाच्या प्राधिकरणाकडं जातं. ते आपल्या देशाच्या पद्धतीनं कागद बजावतात आणि प्रमाणपत्र परत पाठवतात: कधी, कुठं, कोणाच्या हातात आणि कशा रीतीनं दिलं. देता आलं नसेल तर का नाही, तेही लिहितात.

विनंतीच्या नमुन्यात विशिष्ट पद्धत मागायची सोय असते. प्रतिवादीच्या स्वतःच्या हातातच कागद पडावा असं वाटत असेल तर ते तिथंच मागावं. तिथल्या कायद्याशी विसंगत नसेल तर ते तसं करतात, खर्च मात्र आपल्याला द्यावा लागतो. नुसती ठरावीक बजावणी मागितली तर काही देशांत कागद टपालपेटीत टाकला तरी बजावणी पूर्ण समजली जाते.

अमेरिकेत हे काम सरकारनं एका खासगी कंपनीला दिलेलं आहे. त्यांचं शुल्क 95 डॉलर आहे, पण भरण्याआधी चालू आकडा पाहून घ्या.

याला किती वेळ लागतो?

महिने लागतात. कोल्हापूर, दिल्ली, परदेश आणि त्याच वाटेनं परत असा प्रवास असतो. म्हणून कोर्टाकडून पुढची तारीख किमान सहा महिन्यांनंतरची मागून घ्या. समन्सवरची तारीख उलटून गेल्यावर ते प्रतिवादीच्या हातात पडलं तर सगळी मेहनत वाया जाते आणि नवं समन्स काढावं लागतं. बेलिफानं शेजारच्या तालुक्यात बजावायच्या समन्सला महिन्याची तारीख पुरते. त्याच सवयीनं अमेरिकेच्या समन्सलाही महिन्याची तारीख पडते आणि पक्षकाराचं निम्मं वर्ष त्यात जातं.

आमचा दावा मराठीत आहे. भाषांतर लागेल का?

लागेल. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियासाठी इंग्रजीत, जर्मनीसाठी जर्मनमध्ये. फक्त समन्सचं नाही, दावा, प्रतिज्ञापत्र आणि सोबत जोडलेल्या कागदांचंही.

भाषांतराबद्दल दोन गोष्टी मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच घ्या. लग्नपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असलं की तिकडचा माणूस बिनधास्त म्हणतो, हा मी नव्हे. दुसरं, तारखेतला महिना अक्षरांत लिहा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपण 5/8 लिहिलं म्हणजे 5 ऑगस्ट, ते वाचतात 8 मे. हजर राहायच्या तारखेतच असा घोळ झाला तर बजावणी झाली तरी उपयोग नाही.

प्रोसेस सर्व्हर नक्की काय करतो?

पत्त्यावर जातो, बेल वाजवतो, नाव विचारून खात्री करतो, कागद हातात देतो आणि निघतो. सही मिळालीच पाहिजे असं नसतं. खरी किंमत त्यानंतरच्या कागदाला आहे. अमेरिकेतल्या प्रोसेस सर्व्हरच्या प्रतिज्ञापत्रात तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, अपार्टमेंटचा नंबर आणि कागद घेणाऱ्याचं वर्णन असतं: पुरुष, वय अंदाजे 35, उंची पाच फूट आठ इंच, केस काळे, चष्मा होता. आधीच्या फेऱ्यांत कोणी भेटलं नसेल तर त्या फेऱ्यांचीही नोंद असते. हा माणूस लष्करी सेवेत नाही, असंही एक वाक्य बहुतेकदा असतं. ते तिथल्या कायद्यासाठी लागतं, आपल्यासाठी नाही, म्हणून गोंधळून जाऊ नका.

हे प्रतिज्ञापत्र तिथल्या नोटरीसमोर करून घ्या आणि त्यावर अपोस्टिल घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र. अपोस्टिल करार भारताला 2005 पासून लागू आहे. कॅनडा त्यात जानेवारी 2024 मध्ये आला, म्हणून तिथल्या कागदांसाठी आता वकिलातीच्या शिक्क्यांची जुनी साखळी लागत नाही. ही मूळ प्रत कोल्हापुरात मागवून यादीनं दाखल करायची आणि रोजनाम्यात तिची नोंद झाली का ते बघायचं.

एक खबरदारी. खासगी सर्व्हर नेमण्याआधी इथल्या कोर्टात अर्ज देऊन परवानगी घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 5, नियम 25 मध्ये परदेशातल्या प्रतिवादीला टपाल, कुरिअर, फॅक्स किंवा ईमेलनं समन्स पाठवायची तरतूद आहे. तिकडच्या खासगी माणसानं हातोहात द्यायचं तर कोर्टाचा हुकूम फाइलला असलेला बरा. पुढं हरकत आली की तो हुकूम दाखवता येतो.

त्यानं कागद घ्यायला नकार दिला तर?

अमेरिकेत सर्व्हर कागद त्याच्यासमोर ठेवतो, काय आहे ते सांगतो आणि तसं प्रतिज्ञापत्रात लिहितो. सहसा ती बजावणी धरली जाते. नकार म्हणजे बजावणी नाही, हा समज आपल्या कायद्यातही टिकत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलं, निळ्या खुणाही आल्या. एवढं पुरेसं नाही का?

2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका वसुलीच्या दरखास्तीत व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली होती. पीडीएफ नुसती पोचली नव्हती, उघडलीही होती, हे खुणांवरून दिसत होतं. तो हुकूम देशातल्या माणसाबद्दल होता. परदेशातल्या प्रतिवादीसाठी व्हॉट्सॲप आणि ईमेल जोडीला जरूर वापरा, स्क्रीनशॉट जपा, माहिती होती हे दाखवायला ते कामी येतात. पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. टपालानं किंवा खासगी रीतीनं येणारे परदेशी कागद ज्या देशांना मान्य नाहीत, तिथं मोबाईलवरचा निरोप कसा मान्य होईल?

मुलगा अमेरिकेत, पण सासूबाई इथंच राहतात. त्यांच्या हातात समन्स दिलं की झालं ना?

नाही, आणि इथं बऱ्याच जणांची फसगत होते. घरातल्या प्रौढ व्यक्तीला समन्स देता येतं, पण त्यासाठी प्रतिवादी त्या घरात राहणारा असावा लागतो आणि तेवढ्या वेळेपुरता बाहेर असावा लागतो. आठ-दहा वर्षं टेक्सासमध्ये घर करून राहिलेला माणूस ताराबाई पार्कात राहतो असं म्हणता येत नाही. आईनं सही केली, हुकूमनामा एकतर्फी झाला, तरी पुढं तो मुलगा येऊन म्हणतो की मला कळलंच नाही. मग दावा पहिल्यापासून.

त्यानं इथल्या कोणाला मुखत्यारपत्र दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या मुखत्याराला कोर्टाची कामं पाहायचा अधिकार असेल तर त्याला केलेली बजावणी प्रतिवादीलाच केल्यासारखी धरतात. म्हणून जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात पहिल्यांदा मुखत्यारपत्र नोंदलं आहे का ते शोधा. बरेच अनिवासी भाऊ सातबाराच्या कामासाठी चुलत्याच्या नावे ते करून गेलेले असतात. त्यातली कलमं मात्र नीट वाचा. फक्त पीक विकायचा अधिकार दिला असेल तर तो इथं उपयोगाचा नाही.

तो गणपतीला कोल्हापुरात येणार आहे.

मग परदेशाचा विषयच उरत नाही. भारतात असताना हातात पडलेलं समन्स ही साधी देशी बजावणी आहे, हेग करार लागतच नाही. कोर्टाकडून दस्ती समन्स घ्या, म्हणजे वादीलाच बजावायला मिळणारं समन्स, किंवा नाझर कार्यालयात भत्ता भरून बेलिफाला सोबत घ्या. तिकिटाची तारीख कळली की आठवडाभर आधी हालचाल करा. दहा महिन्यांचं काम इथं एका सकाळीत होतं.

घरात आरती चालू असताना, पाहुण्यांनी ओटा भरलेला असताना बेलिफ नेऊ नका, असं मी नेहमी सांगतो. कायद्यानं अडत नाही. पण कौटुंबिक वादात पुढं कधीतरी तडजोडीला बसायचं असतं.

दुबईत असेल तर?

संयुक्त अरब अमिराती हेग बजावणी करारात नाहीत. मात्र भारताचा त्यांच्याशी दिवाणी आणि व्यापारी बाबतीत समन्स बजावणीचा वेगळा द्विपक्षीय करार आहे, 1999 मध्ये झालेला. विनंती सरकारी मार्गानंच जाते आणि तिकडची यंत्रणा बजावते. खासगी माणसाच्या हातून देण्याच्या फंदात तिथं पडू नका. ज्या देशाशी कसलाच करार नाही, तिथं परराष्ट्र मंत्रालयामार्फत राजनैतिक मार्गानं जावं लागतं आणि तो मार्ग आणखी संथ आहे.

सिंगापूरबद्दल जुनी माहिती वाचली असेल तर ती बदलली आहे. 1 डिसेंबर 2023 पासून तिथं हेग करार लागू झाला.

आपल्या वकिलातीमार्फत देता येतं का?

प्रतिवादी भारतीय पासपोर्टधारक असेल तर हेग करारातल्या देशांत हा मार्ग खुला असतो, पण जबरदस्ती न करता. त्यानं घेतलं तर घेतलं. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्या देशाची हरकत आहे का ते आधी पाहावं लागतं.

त्याचा पत्ताच माहीत नाही.

पत्ता माहीत नसेल तर हेग करार लागू होत नाही. जाहीर समन्सचा, म्हणजे वर्तमानपत्रातून बजावणीचा अर्ज द्यावा लागतो. कोर्ट विचारतं की शोधायला काय केलं. जुन्या पत्त्यावरून परत आलेलं पाकीट, कंपनीला पाठवलेला ईमेल, नातेवाइकांना केलेली विचारणा, हे सगळं प्रतिज्ञापत्रावर मांडा. मात्र पत्ता माहीत असून लपवला आणि एकतर्फी हुकूमनामा घेतला तर तो फसवणुकीनं घेतलेला ठरतो. समोरच्याला दाव्याची माहिती मिळणं हा त्याचा हक्क आहे, माणूस कसाही असला तरी.

चेक न वटल्याची केस आहे. हेच नियम?

नाही. ती फौजदारी आहे. हेग करार फक्त दिवाणी आणि व्यापारी बाबींना लागतो. फौजदारी समन्स केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत, परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारांतून जातं.

सहा महिने झाले, तिकडून प्रमाणपत्रच आलं नाही. दावा लटकून राहणार का?

नाही. कराराच्या कलम 15 खाली भारतानं यासाठी खास घोषणा करून ठेवली आहे. कागद करारातल्या एखाद्या मार्गानं पाठवले असतील, किमान सहा महिने उलटले असतील आणि प्रमाणपत्र मिळवायचे सगळे रास्त प्रयत्न झाले असतील तर कोर्ट पुढं जाऊन निकाल देऊ शकतं. म्हणून स्मरणपत्रं पाठवत राहा आणि प्रत्येकाची प्रत फाइलला लावा.

बजावणीत थोडी कसर राहिली तर काय होतं? निकाल तर आपल्या बाजूनं झालाय.

इथं कदाचित काही होणार नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायच्या अर्जात आपला कायदा म्हणतो की प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर राहायला वेळ होता, तर निव्वळ बजावणीतल्या अनियमिततेसाठी हुकूमनामा रद्द करू नये. खरी अडचण वसुलीला येते. पैसा जर्मनीत असेल तर जर्मन कोर्टात जावं लागतं आणि त्यांच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 328 सरळ विचारतं की प्रतिवादीला कागद रीतसर आणि वेळेत मिळाले होते का. नसतील आणि त्यानं तशी हरकत घेतली तर तुमचा हुकूमनामा तिथं ओळखलाच जात नाही. शिरोलीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या कारखानदारानं चार वर्षं तारखा घातल्या, वकील फी भरली आणि शेवटी रीतसर बजावणीचे पैसे वाचवल्यामुळं सगळं बुडालं, असं होऊ नये. पहिल्या दिवशी थोडा जास्त खर्च करा.

परदेशी गिऱ्हाइकाशी करार करतानाच काही लिहून ठेवता येईल का?

हो, आणि जरूर लिहा. भारतात समन्स स्वीकारायला अमुक एक व्यक्ती किंवा संस्था आमच्या वतीनं अधिकृत आहे, असं एक कलम टाका आणि त्या व्यक्तीचा पूर्ण पत्ता द्या. मग बजावणी इथल्या इथं होते. निर्यातदार दराच्या एकेका पैशासाठी घासाघीस करतात आणि कराराचं शेवटचं पान न वाचता सही करतात. ते पान आधी वाचा.

उलटा प्रकार झालाय. अमेरिकेतून घटस्फोटाचे कागद कुरिअरनं घरी आलेत.

घाबरू नका, पण पाकीट कपाटात टाकूनही देऊ नका. परदेशातून थेट टपालानं किंवा खासगी माणसाकरवी भारतात कागद बजावायला आपल्या देशाची हरकत आहे. कराराच्या कलम 10 खाली ती नोंदवलेली आहे. रीतसर मार्ग म्हणजे दिल्लीच्या विभागाकडं विनंती येणार, तिथून कागद कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात येणार आणि बेलिफ तुमच्या दारात. सोबत इंग्रजी भाषांतरही असावं लागतं.

तरीही तिकडचं कोर्ट निकाल देऊ शकतं. तो निकाल इथं कितपत टिकेल हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 वर ठरतं. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या प्रकरणात सांगितलं आहे की लग्न ज्या कायद्याखाली झालं त्याच कायद्यातल्या कारणांवर आणि अधिकार असलेल्या कोर्टानं दिलेला घटस्फोटच साधारणपणे मान्य होईल, आणि पत्नीला बचावाची खरीखुरी संधी मिळालेली असली पाहिजे. याच निकालानं आपल्याकडच्या कितीतरी मुलींना आधार दिला आहे.

इथं एक धोका आहे. तिकडं वकील देऊन मुद्द्यांवर लढलात तर तुम्ही त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असा अर्थ निघू शकतो. म्हणून उत्तर पाठवण्याआधी, साधा ईमेलसुद्धा करण्याआधी वकिलाला दाखवा. लिफाफा, त्यावरचं लेबल आणि तो मिळाल्याची तारीख जपून ठेवा.

इथल्या कोर्टानं खासगी बजावणीचा अर्ज फेटाळला तर मुंबईला जावं लागेल का?

आता नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. असा हुकूम आव्हानित करायला रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची वेळ आता येत नाही. इथल्या वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, त्याचा लाभ अशा लहान अर्जांतच जास्त जाणवतो.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

प्रतिवादीच्या पासपोर्टची प्रत मिळाली तर ती. त्याचा पूर्ण पत्ता, अपार्टमेंट नंबर आणि पिनकोडच्या जागी असलेल्या झिप कोडसह. अपार्टमेंट नंबर नसला की सर्व्हर इमारतीच्या दारातूनच परत येतो. त्याच्या कचेरीचा पत्ता, कामाच्या वेळा, अलीकडचा फोटो. नागरिकत्व बदललं आहे का, याची जी काही माहिती असेल ती. आणि त्यानं त्या पत्त्यावरून पाठवलेलं एखादं पार्सल किंवा पत्र घरात असेल तर त्याचं खोकंसुद्धा टाकून देऊ नका, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला असतो.